किती रकाती झाल्या?

चोपडा आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत. मक्का २१.४ अंश उत्तर, चोपडा सव्वाएकवीस. शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती तापीच्या खोऱ्यातून निघते, सौराष्ट्र ओलांडून अरबी समुद्रात उतरते आणि थेट मक्केपाशी जाऊन थांबते. त्यामुळे चोपड्यात नमाजला उभं राहायचं म्हणजे सरळ पश्चिमेला तोंड करायचं, असं कुणालाही वाटेल. पण फोनमधलं किब्ल्याचं होकायंत्र २७० अंश दाखवत नाही. ते साधारण २७७ दाखवतं. म्हणजे पश्चिमेपासून सात अंश उत्तरेकडे.

कारण सोपं आहे. पृथ्वी गोल आहे. ग्लोबवर चोपड्यापासून मक्केपर्यंत दोरा ताणून धरला तर तो अक्षवृत्तावरून जात नाही, थोडा उत्तरेकडे फुगून जातो. सगळ्यात जवळची वाट तीच असते. साडेतीन हजार किलोमीटरांहून लांबच्या वाटेवर हे सात अंश.

फोन नसताना हे कसं कळायचं? सूर्यावरून. दर वर्षी २७-२८ मे आणि १५-१६ जुलैला सूर्य काब्याच्या बरोबर डोक्यावर येतो. आपल्या घड्याळात तेव्हा मेमध्ये दुपारचे २ वाजून ४८ मिनिटं झालेली असतात आणि जुलैमध्ये २ वाजून ५७. त्या मिनिटाला चोपड्यात उभं राहून सूर्याकडे तोंड केलं की झालं, तोच किब्ला. जुलैत ढगांचा भरवसा नाही, पण खान्देशातल्या मे महिन्यात सूर्य कधी दगा देत नाही.

अब्बांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीच्या कडेने जानमाज अंथरायची आणि वरचं टोक भिंतीपासून अर्धी वीत सरकवायचं, एवढंच त्यांना माहीत. दादाजींनी दाखवलं तसं. मी एकदा फोन ठेवून मोजलं. अर्धी वीत म्हणजे जवळपास ते सात अंशच.

त्या अर्ध्या वितेबद्दल मला अलीकडे फार विचार करावा लागला आहे. माणसाच्या डोक्यातून गावाचं नाव, वार, मुलांची नावं निघून जातात आणि हाताला ही अर्धी वीत आठवते, हे कसं? आणि जी नमाज डोक्यात राहिलेली नाही, ती नमाज असते का?

*

आम्ही पिंजारी. कापूस पिंजून गाद्या-रजया भरणं हा आमचा पिढीजात धंदा. खान्देश कापसाचा मुलूख, त्यामुळे इथे पिंजाऱ्याला काम शोधायला लांब जावं लागलं नाही. दादाजींच्या काळात ताँत लावलेलं धनुष्यासारखं अवजार खांद्यावर टाकून ते गावोगाव फिरत. अंगणात बसून पिंजायचे, त्याचा ‘टण-टण’ आवाज आळीभर जायचा. अब्बांच्या हाती दुकान आलं तेव्हा पिंजायचं मशीन आलं होतं. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की जुन्या गाद्या उसवून, कापूस मोकळा करून, पुन्हा भरून द्यायचं काम रात्रीपर्यंत चाले.

या धंद्यात कापसाची पूस सगळीकडे जाते. भुवयांवर, दाढीत, कानांत, नाकात. संध्याकाळी अब्बा पांढऱ्या भुतासारखे दिसत. म्हणून आमच्या घरात वजू म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. हात मनगटापर्यंत धुवा, चूळ भरा, नाकात पाणी घेऊन शिंकरा, तोंड धुवा, कोपरापर्यंत हात, ओल्या हाताने डोक्यावरून आणि कानांतून मसा, मग घोट्यापर्यंत पाय. अब्बा नाक शिंकरत तेव्हा पाण्याबरोबर कापूस बाहेर पडे. दिवसातून पाच वेळा छाती थोडी हलकी व्हायची. दादी म्हणायची, अल्लाने नमाज सगळ्यांना दिली, वजू मात्र पिंजाऱ्याचा विचार करून दिला.

उन्हाळ्यात आमच्याकडे नळ रोज येत नसे, म्हणून वजूसाठी एक तांब्या ठरलेला होता. पैगंबर पाऊण लिटरच्या आतबाहेर पाण्यात वजू करत, असं हदीसमध्ये येतं. वाहत्या नदीच्या काठी बसलात तरी पाणी उधळू नका, असंही त्यांनी बजावलं आहे. पाणी अजिबातच नसेल तर तयम्मुम आहे. स्वच्छ मातीवर तळवे टेकवायचे आणि ते चेहऱ्यावरून, हातांवरून फिरवायचे. दुष्काळाच्या गोष्टी सांगताना दादी हे हातवारे करून दाखवायची.

अजून एक हदीस मला लहानपणीच पाठ झाली होती, कारण ती नदीची आहे. एखाद्याच्या दारातून नदी वाहत असेल आणि तो तिच्यात रोज पाच वेळा आंघोळ करत असेल, तर त्याच्या अंगावर मळ राहील का? पाच नमाजांचं तसंच आहे. लहानपणी ही नदी मला तापीच वाटायची.

*

शब्दाबद्दल थोडं सांगते. अरबीत या प्रार्थनेला सलात म्हणतात. आपण ‘नमाज’ म्हणतो तो शब्द फारसीतून आला, आणि फारसीतला ‘नमाज’ आणि संस्कृतातलं ‘नमस्’ ही एकाच कुळातली भावंडं आहेत. मूळ अर्थ वाकणं. म्हणजे ‘नमस्कार’ म्हणणारा आणि ‘नमाज’ म्हणणारा भाषेच्या हिशेबाने एकाच घरातला शब्द वापरत असतात.

नमाजा पाच. फजर, जोहर, असर, मगरिब, इशा. प्रत्येकीच्या फर्ज रकाती ठरलेल्या: दोन, चार, चार, तीन, चार. एकूण १७. एक रकात म्हणजे उभं राहून कुराणातला भाग म्हणणं, कमरेत वाकणं, पुन्हा सरळ होणं आणि दोनदा जमिनीला कपाळ टेकणं. मेराजच्या कथेत आधी पन्नास नमाजा सांगितल्या गेल्या होत्या. हजरत मूसांनी पैगंबरांना पुन्हा पुन्हा परत पाठवलं, की तुमच्या लोकांना हे झेपणार नाही. कमी होत होत पाच उरल्या, आणि पुण्य मात्र पन्नासांचंच राहिलं. मला ही कथा आवडते, कारण तिच्यात माणसाच्या कुवतीचा हिशेब आधीच धरला आहे.

वेळा घड्याळावर नाहीत, सूर्यावर आहेत. चोपड्यात मगरिब नोव्हेंबरअखेर पावणेसहाच्या सुमाराला होते आणि जूनअखेर सव्वासातच्या आसपास. म्हणजे दुकान बंद करायची वेळ वर्षभरात दीड तास मागेपुढे होत राहते. सूर्य उगवतानाचा, बरोबर माथ्यावरचा आणि मावळतानाचा क्षण मात्र वगळलेला आहे. त्या वेळी नमाज पढायची नाही. वेळ सांगण्यापुरता सूर्य ठीक, नमाज त्याच्यासाठी नाही, हे त्यातून पक्कं होतं.

असरची वेळ तर सावलीवरून निघते. मेच्या शेवटच्या आठवड्यात चोपड्यात शून्य सावलीचा दिवस येतो. भरदुपारी उभ्या काठीची सावली काठीच्याच पायाशी गोळा होते. मग ती वाढू लागते. काठीएवढी झाली की शाफई मताने असर लागते. दुप्पट झाली की हनफी मताने. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, आम्ही खान्देशातले सुन्नी बहुतेक हनफी. त्यामुळे रत्नागिरीच्या मैत्रिणीची असर माझ्याआधी तास-सव्वा तास लागते. कॉलेजच्या होस्टेलवर आम्ही दोघी एकाच खोलीत राहायचो. एकच सूर्य, दोन असर. तिची झाली की ती चहा टाकायची, माझी होईपर्यंत तो थंड व्हायचा.

उशीर झाला तर? वेळेत पढलेली नमाज ‘अदा’, वेळ टळल्यावर पढलेली ‘कजा’. अदा हा शब्द मराठीलाही ओळखीचा आहे, बिल अदा करतो त्यातला. प्रवासात चार रकातींच्या दोन होतात. हनफी हिशेबाने साधारण ७८ किलोमीटरांच्या पुढे जायचं असेल तर माणूस मुसाफिर. चोपड्याहून जळगाव पन्नासेक किलोमीटर, म्हणून कापसाच्या कामाला जळगावला गेलेले अब्बा चारच पढत. मला पुण्याला सोडायला आले तेव्हा वाटेत दोन पढल्या. धुळ्याच्या पुढच्या एका ढाब्यामागे, ट्रकच्या सावलीत.

*

आमच्या मुलखात हे वेळेचं भान जुनं आहे. खान्देश हे नावच फारुकी सुलतानांच्या ‘खान’ या किताबावरून पडलं, असं मानतात. मलिक राजाने १३८२च्या सुमाराला तापीकाठच्या थाळनेरला गादी मांडली. पुढे त्याच्या वंशजांनी बऱ्हाणपूर वसवलं. १६०१मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि ते राज्य संपलं.

चोपड्यावरून जाणारा अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता धरला आणि यावल, रावेर मागे टाकलं की बऱ्हाणपूर येतं. तिथल्या जामा मशिदीत मक्केकडच्या भिंतीवर अरबी लेखासोबत एक संस्कृत शिलालेख आहे. राजा अली खान फारुकीच्या काळातला, शके १५११ म्हणजे इसवी सन १५९०चा. त्यात सुलतानाची वंशावळ आहे, आणि मशीद कधी उभी राहिली ते संवत, शक, पौष महिना, तिथी, नक्षत्र, घटिका अशा पंचांगाच्या भाषेत दिलं आहे. नमाजच्या जागेची वेळ ज्योतिषाच्या शब्दांत. मी तो लेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला मोठमोठ्या गोष्टी सुचल्या नाहीत. एवढंच वाटलं, की हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही घटिका मोजायची सवय होती.

तशी सवय आमच्या आळीलाही होती. कार्तिकात काकड आरतीची टाळ-चिपळी आणि फजरची वेळ शेजारी शेजारी यायची. समोरचे किराणा दुकानदार काका अब्बांना पाहून वेळ ठरवत. अब्बा बाह्या दुमडत बाहेर आले की काका आतून चहा सांगत. “चाचा, नमाज व्हयनी का?” हे त्यांचं रोजचं वाक्य. “व्हयनी ना भो,” हे अब्बांचं उत्तर. जेवण झालं का विचारावं, तितकं ते साधं होतं.

*

चार वर्षांपूर्वी काकांनी हा प्रश्न विचारला आणि अब्बा थांबले. मग मागे वळून दुकानात गेले आणि पुन्हा वजू करून जोहर पढू लागले. ती त्यांची त्या दुपारची तिसरी जोहर होती.

त्याआधी बारीकसारीक खुणा होत्याच. गादीचं माप दोनदा घेणं, एकाच गिऱ्हाइकाला दोनदा सुटे पैसे देणं. डॉक्टरांनी तपासण्या करून स्मृतिभ्रंश सांगितला. मला कंपनी घरून काम करू देते, म्हणून मी चोपड्याला आले. भाई दुकान पाहू लागला.

या आजाराबद्दल वाचलं तेव्हा एक गोष्ट कळली. आठवण एकच एक नसते. काल काय जेवलो, कोण भेटलं ही एक आठवण. ती मेंदूच्या ज्या भागात तयार होते, त्याला हा आजार बहुतेक वेळा आधी धरतो. सायकल चालवणं, गाठ मारणं, पोहणं ही दुसरी आठवण. ती वेगळ्या भागांत राहते आणि बरीच उशिरापर्यंत टिकते. अब्बांचं नेमकं तसंच झालं. फजर झाली का, हे त्यांना आठवत नव्हतं. पण एकदा हात बांधून उभे राहिले की सूरह फातिहा अडखळत नव्हती. रुकू, सजदा, सगळं सुरळीत. साठ वर्षांत दिवसाला नुसत्या फर्जच्या सतरा रकाती म्हटल्या तरी पावणेचार लाखांच्या घरात जातात. शरीराला ते पाठ होतं. शरीराला फक्त एक माहीत नव्हतं: थांबायचं कुठे.

चारच्या पाच व्हायच्या, कधी सहा. दोन रकातींवर सलाम फिरवून ते उठून जायचे, आणि दहा मिनिटांनी अस्वस्थ होऊन विचारायचे, “बेटा, कित्ती हुई?”

तेव्हा मी नमाजचे नियम पुन्हा नीट वाचले. त्यात विसरण्याची इतकी तरतूद आहे, हे मला नव्याने दिसलं. रकाती किती झाल्या याचा संशय आला आणि मन कुठल्याच बाजूला झुकत नसलं, तर कमी आकडा खरा धरायचा. तीन की चार? तीन. राहिलेली एक पुरी करायची आणि शेवटी दोन जादा सजदे द्यायचे. त्यांना सजदा-ए-सहव म्हणतात, विसरण्याचा सजदा. खुद्द पैगंबरही एकदा चारऐवजी दोनच रकातींवर थांबले होते आणि सोबतच्यांनी विचारल्यावर उरलेल्या पढल्या, अशी हदीस आहे. म्हणजे ज्याने नमाज शिकवली, त्याचीही मोजणी चुकू शकते, हे धर्माने नोंदवून ठेवलं आहे.

दुसरी सोय जमातची. इमामाच्या मागे उभ्या राहिलेल्याला मोजावं लागत नाही. तो इमामाबरोबर वाकतो, इमामाबरोबर उठतो. मागच्याकडून काही चुकलं तर त्याला वेगळा सजदा-ए-सहव नाही, ती चूक इमामाच्या नमाजेत सामावून जाते. भाई सकाळ-संध्याकाळ घरीच इमाम होऊ लागला, अब्बा त्याच्या उजवीकडे. ज्या मुलाला अब्बांनी बोटं धरून रकाती शिकवल्या, त्याच्याबरोबर ते आता उठबस करत होते.

प्रश्न जोहर आणि असरचा होता. भाई दुकानात, घरात मी आणि अम्मी. हनफी मताने बाई पुरुषाची इमाम होत नाही. आणि नमाजच्या बाहेर बसलेल्या माणसाने सांगायचं, आतल्याने ऐकून बदल करायचा, हेही एरवी चालत नाही, नमाज तुटते. मी आळीतल्या मौलानांना विचारलं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, की तिघांवरून कलम उचललेलं आहे: झोपलेला, लहान मूल आणि ज्याची बुद्धी जागेवर नाही तो. अब्बांचा आजार त्या टप्प्यावर आला आहे, त्यांच्यावर नमाज आता फर्ज नाही. दुसरी, की रकाती-सजदे मोजू न शकणाऱ्या आजाऱ्याला शेजारी बसून कुणी सांगत गेलं, तर ती नमाज पुरेशी धरावी, असं जुन्या हनफी ग्रंथांत आहे.

मी घरी येऊन सांगितलं, “माफ आहे.” मला वाटलं, अम्मीचं ओझं उतरेल.

अम्मी म्हणाली, “माफ झाली म्हणजे काढून घ्यायची का?”

*

हा प्रश्न नुसता बोलण्यापुरता नव्हता. कारण त्याच आठवड्यात अब्बा रात्री दोन वाजता फजर समजून घराबाहेर पडले होते. हिवाळा होता, पायांत काही नव्हतं. मशिदीच्या बंद फाटकापाशी बसलेले सापडले. त्यानंतर आम्ही रात्री दाराला आतून कुलूप लावू लागलो. मशिदीत जायला निघालेल्या माणसाला कुलूप. अम्मी किल्ली उशाखाली ठेवायची आणि रात्रभर जागायची.

डॉक्टर म्हणाले होते की दिनक्रम मोडू नका, या आजारात तोच आधार असतो. संध्याकाळी अशा रुग्णांची घालमेल वाढते, ती अब्बांचीही वाढायची. असर आणि मगरिबच्या मधे ते घरभर फिरत, कड्या काढत, आपलं घर कुठे आहे म्हणून विचारत. एका बाजूला नमाज त्यांना रात्री घराबाहेर काढत होती, दुसऱ्या बाजूला दिवसभर तीच त्यांना धरून होती. बंद करायची तर दोन्ही जाणार होतं. भाईचं म्हणणं होतं, जानमाज नजरेआड ठेवू, म्हणजे आठवण होणार नाही. त्याच्या डोळ्यांसमोर ते बंद फाटक होतं.

वाट अम्मीला सापडली, आणि ती बायकांच्या अनुभवातून आली. महिन्याच्या दिवसांत आम्हाला नमाज माफ असते, आणि त्या दिवसांतल्या नमाजा नंतर भरूनही काढायच्या नसतात. पण अम्मीला तिच्या आईने शिकवलं होतं, की त्या दिवसांतही वेळ झाली की नमाजच्या जागी थोडा वेळ बसावं, तसबीह ओढावी. नमाज नाही, पण वेळ पाळायची. नाहीतर शरीर विसरतं. अम्मीने तरुणपणापासून हे केलं होतं. आम्ही तिला त्या कोपऱ्यात बसलेली पाहत मोठे झालो.

“यांचंही तसंच,” ती म्हणाली. “नमाज मोजायचं काम अल्लाचं. वेळ सांभाळायचं काम आपलं.”

मग घरात व्यवस्था लागली. फजरची अजान आमच्याकडे जवळजवळ वर्षभर सहाच्या आत असते आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला नियमाने मनाई आहे, म्हणून भाईच्या फोनवर हलक्या आवाजात अजान लावली. ती वाजल्याशिवाय दार उघडायचं नाही, हे अब्बांना शब्दांनी कळलं नाही, पण आवाजाने कळलं. दोन वाजता उठले तर अम्मी म्हणते, “अजान नाही झाली अजून,” आणि ते बहुतेक वेळा परत झोपतात. जोहरला मी शेजारी बसते. ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये दीड ते पावणेदोन माझी वेळ अडवलेली असते. मी फक्त आकडा बोलते. एक. दोन. बसा. तीन. चार. बसा. सलाम.

असरनंतरच्या घालमेलीवर वजू हाच उपाय निघाला. पाणी हातावर पडलं की ते शांत होतात. एक तांब्या पाणी, पाच मिनिटं. कधीकधी आम्ही मगरिबच्या आधी तीनदा वजू करतो. ते अजून जोरात नाक शिंकरतात. दुकान सोडून चार वर्षं झाली, नाकात आता कापूस नसतो.

*

पुण्याच्या मैत्रिणी विचारतात, मनात भक्ती असली तर पुरे नाही का? पाच वेळा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या हालचाली, याची काय गरज?

मला प्रश्न रास्त वाटतो. माझ्या फोनमध्येही रोजच्या सवयींचं एक ॲप आहे. पाणी प्यायलं, चाललं, वाचलं. एक दिवस चुकला की साखळी तुटते आणि आकडा शून्यावर येतो. नमाजच्या हिशेबात शून्य नाही. चुकली तर कजा आहे. मोजणी विसरली तर सहवचा सजदा आहे. उभं राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडून, तेही नसेल तर डोक्याच्या खुणेने. पाणी नसेल तर माती. माणूस जसजसा कमी होत जातो, तसतशी ती त्याच्याबरोबर खाली उतरत जाते. ‘मनात असली की पुरे’ हे ज्याचं मन जागेवर आहे त्याने म्हणावं. अब्बांचं मनच जाऊ लागलं, तेव्हा भक्ती ठेवायला मनाबाहेरची जागा लागली. गुडघे, कपाळ, कोपरापर्यंतचे ओले हात, भिंतीपासून अर्धी वीत. साठ वर्षं त्यांनी ती तिथे साठवली होती. आता ती उपयोगी पडते आहे.

नमाजने अब्बांचा आजार बरा केला नाही. तो वाढतो आहे. गेल्या रमजानपासून फातिहाच्या मधे ते थांबतात आणि पहिल्या ओळीकडे परत जातात. सजद्यात गेले की कधी तिथेच राहतात, मी हळूच “अल्लाहू अकबर” म्हणते तेव्हा उठतात. एक दिवस हेही जाईल, आणि तेव्हा कुणावर काही फर्ज असेल तर आमच्यावर असेल.

माझं नाव त्यांच्याकडून गेलं आहे. पण नमाज संपताना ते मान उजवीकडे वळवतात आणि सलाम म्हणतात. नियमाप्रमाणे तो सलाम फरिश्त्यांना असतो, आणि जमात असेल तर शेजाऱ्यालाही. जोहरला उजवीकडे मी बसलेली असते. मी नमाजेत नसते, म्हणून शास्त्राने तो माझा नाही. मी उत्तर मात्र मनातल्या मनात देते.

मग ते जानमाजेचा कोपरा दुमडतात आणि विचारतात, “कित्ती हुई?”

“चार, अब्बा. पूरी हुई.”